मुलाने बापाचा नंबर ‘हिटलर’ नावाने सेव्ह केला, तर?

एका आईचा प्रश्न आहे. मुलगा अकरावीत. त्याचा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता, मेसेज चमकला म्हणून तिने उघडला आणि मित्रांच्या ग्रुपवरचं बरंच काही वाचलं. वडिलांचा नंबर ‘हिटलर’ नावाने सेव्ह केलेला, तिचा स्वतःचा ‘सीआयडी’. ग्रुपवर मुलाचे मेसेज: ‘बाप घरी आहे, नंतर बोलतो’, ‘आज हायकमांड सोडणार नाही’. एका मित्राचा: ‘तुझा म्हातारा लय कडक आहे.’ आणि मध्येच दुसऱ्या कुणाचा तरी: ‘काय ममाज बॉय, झोपलास का?’ वडिलांनी मोबाईल काढून घेतला, तेव्हापासून घरात अबोला आहे. पुण्याला शिकणारी मोठी मुलगी फोनवर म्हणाली, ‘हे सगळं टॉक्सिक आहे’, म्हणजे विषारी. आई विचारते, मुलांच्या मनात आमच्याबद्दल एवढा राग आहे का? आणि या भाषेचं आम्ही करायचं काय?

ताई, आधी तुम्हाला जे सगळ्यात जास्त लागलंय त्याबद्दल बोलते. ‘हिटलर’ आणि ‘सीआयडी’ वाचून मुलगा आपला तिरस्कार करतो असा अर्थ काढू नका. गेली वीसेक वर्षं मी शाळा-कॉलेजांतल्या मुलांबरोबर आणि त्यांच्या पालकांबरोबर समुपदेशनाचं काम करते आहे. या वयाच्या मुलांच्या मोबाईलमध्ये आईवडिलांची अशी नावं सर्रास असतात, आणि ज्या घरात बाप-लेकाचं उत्तम जमतं त्या घरातही असतात. शब्द किती कडू आहे यावरून नातं मोजता येत नाही. तो कुणाच्या कानासाठी म्हटला आहे, हे आधी बघायचं असतं.

आणि तुमच्याच प्रश्नात त्याचं उत्तर पडलेलं आहे. तुम्ही स्वतःबद्दलचे शब्द बारकाईने लिहिलेत, पण ‘ममाज बॉय’ वरून एका ओळीत पुढे गेलात. माझी नजर तिथेच थांबली. तो शब्द तुमच्या मुलाला लावलेला आहे. सोळा वर्षांच्या पोराला मित्रांमध्ये यापेक्षा झोंबणारं काही नसतं. क्लासहून थेट घरी जातो, आईचा फोन दुसऱ्या रिंगला उचलतो, सहलीला विचारून सांगतो म्हणतो, की लागला शिक्का. मग तो पुसायचा कसा? आईलाच ‘सीआयडी’ म्हणायचं. ‘मी आईच्या पदराला धरून नाही, उलट तिच्या पहाऱ्यात आहे’ असं मित्रांना सांगायची ती पद्धत आहे. ‘हायकमांड सोडणार नाही’ या वाक्याकडेही पुन्हा बघा. येता येणार नाही हे त्याने कळवलं, तुमचा नकार पाळला, आणि मित्रांसमोर आपली मानही राखली. हे मुलांना फार बेताने जमवावं लागतं. तुमच्याविषयी बोलताना तो खरं तर स्वतःची जागा सांभाळतोय.

मुलींच्या बाबतीत हेच काम ‘पापा की परी’ करतं. शब्द हिंदी मीममधून आला, स्कूटर चालवणाऱ्या मुलींच्या चेष्टेवर वाढला आणि आता जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजातही मराठी मुली एकमेकींना सहज म्हणतात. दिसायला लाडाचा आहे. पण वडिलांनी क्लासला सोडायला येणं, वडिलांनी फॉर्म भरून देणं हे ज्या मुलीला हवंसं वाटत होतं, ती या एका शब्दापायी ‘बाबा, तुम्ही कोपऱ्यावरच थांबा’ म्हणू लागते. बापाला वाटतं पोरगी दुरावली. पोरगी दुरावलेली नसते, तिला फक्त कोपऱ्यापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत एकटीने चालत जायचं असतं.

आता ‘बाप’ आणि ‘म्हातारा’. तुमच्या मिस्टरांना हेच सगळ्यात जास्त लागलं असणार, कारण त्यांनी ते शिवीसारखं ऐकलं. ज्या घरात ‘वडील’, ‘बाबा’ असं बोललं जातं तिथे ‘बाप’ हा शब्द उर्मट वाटतो हे खरं. पण महाराष्ट्रभर कान देऊन ऐका. खेड्यात ‘माझा बाप शेतकरी’ असं पोरं अभिमानाने सांगतात. मालवणी मुलुखात ‘बापूस’ आणि ‘आवस’ हे रोजचे शब्द, त्यात अनादराचा लवलेश नाही. वऱ्हाडाकडे मोठी झालेली मुलं ‘बुढा’, ‘बुढी’ म्हणतात आणि त्याच बुढ्याच्या औषधपाण्यासाठी रात्री-बेरात्री धावतात. कोल्हापूर-साताऱ्याकडे ‘आमचं म्हातारं’ असं नपुंसकलिंगात बोललं की त्यात माया ओतप्रोत असते. शिवाय मुलांच्या बोलीत ‘बाप’ ही सर्वोच्च पदवी आहे. एखादा फलंदाज ‘बाप खेळला’, एखादा शिक्षक ‘फिजिक्समधला बाप’, मोठ्या मनाचा गडी ‘बापमाणूस’. ‘बाप घरी आहे, नंतर बोलतो’ या वाक्यात धाक आहे, दरारा आहे. तिरस्कार मला तरी कुठे दिसत नाही.

घरातल्या हाका कायम बदलतच आल्या आहेत, याचीही मिस्टरांना आठवण करून द्या. एकत्र कुटुंबात मुलं वडिलांना ‘भाऊ’, ‘अण्णा’, ‘दादा’ म्हणायची, कारण घरातले बाकीचे तसं म्हणायचे. स्वतःच्या आईला ‘वहिनी’ किंवा ‘काकू’ म्हणणारी माणसं आजही हयात आहेत. मग मम्मी-पप्पा आले, पुढे कित्येक घरांत पुन्हा आई-बाबा झालं. आईला मराठीत पहिल्यापासून ‘अगं’ आणि ‘तू’. वडिलांना मात्र ‘अहो’ आणि ‘तुम्ही’. गेल्या दोन-तीन दशकांत, शहरांत तर नक्कीच, ‘अरे बाबा, ऐक ना’ सुरू झालं, तेव्हा आजी-आजोबांना ते भयंकर वाटलं होतं. मला विचाराल तर ही फार चांगली गोष्ट घडली. ‘अरे बाबा’ म्हणणारी मुलं परीक्षेत नापास झाल्याचं बापाला आधी सांगतात, हे मी माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. ‘अहो बाबा’ वाली मुलं बहुतेक वेळा आईला सांगतात आणि आई जेवणं झाल्यावर योग्य वेळ बघून पुढे पोचवते.

शिव्यांचं एका परिच्छेदात उरकते. ‘च्यायला’, ‘आयला’ हे शब्द आईवरून आले असले तरी झिजून झिजून नुसते उद्गार राहिलेत. पावसात छत्री विसरली तरी निघतात. त्यावर घर डोक्यावर घेऊ नका. आईवरून किंवा बहिणीवरून दिलेली सबंध शिवी मात्र घरात चालणार नाही असं स्पष्ट सांगा, आणि हा नियम घरातल्या पुरुषांनीही पाळायचा.

मग काळजी कधी करायची? माझ्या कानाला खटकतं ते वेगळंच. एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दहावीतला मुलगा. अभ्यासात लक्ष नाही म्हणून आईने आणला होता. अतिशय सभ्य, ‘मॅडम’ म्हटल्याशिवाय वाक्य नाही. मी त्याला घरातला रोजचा दिवस सांगायला लावला. ‘सकाळी आई डबा करते. ताई क्लासला जाते. ते आठला निघतात. संध्याकाळी ते आले की मी आत जातो.’ मी विचारलं, ‘ते म्हणजे?’ त्याने आईकडे बोट केलं आणि म्हणाला, ‘हिचे मिस्टर.’ आई हसली, तिला ती थट्टा वाटली. मी मुलाकडे बघत होते. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नव्हतं. पुढे तासभर आम्ही बोललो आणि त्या तासात ‘बाबा’ हा शब्द एकदाही आला नाही. टोपणनाव नाही, तक्रार नाही, शिवीही नाही. शाळेच्या वहीत पालकाचं नाव लिहितो तेवढंच काय ते वडिलांचं नाव त्याच्या हातून लिहिलं जात होतं.

‘हिटलर’ म्हणणारं मूल अजून बापाशी भांडतंय. भांडण म्हणजे संबंध आहे. ‘ते’ म्हणणाऱ्या मुलाने भांडण सोडून दिलेलं असतं. तो मुलगा आणि त्याचे वडील यांना एका खोलीत बसून बोलायला काही महिने लागले, आणि सुरुवात अभ्यासावरून झाली नाही, बुलेट दुरुस्त करण्यावरून झाली. म्हणून मोबाईलमधली नावं वाचण्यापेक्षा जेवणाच्या ताटावर कान ठेवा. मूल बापाला काय हाक मारतं? मारतं तरी का? ‘बाबांना सांग’ असे निरोप आईमार्फत जायला लागले आहेत का?

दुसरा शब्द मला खटकतो तो ‘एटीएम’. मुलं हसत हसत म्हणतात, ‘पप्पा म्हणजे आपलं एटीएम.’ ‘हिटलर’पेक्षा हा कितीतरी सौम्य वाटतो आणि म्हणूनच सुटून जातो. दिवसभर दुकान किंवा कंपनी, शिफ्ट, दोन-दोन तासांचा प्रवास, आणि घरी आल्यावर बोलणं फक्त फीचं, रिचार्जचं, बुटांचं. मुलाने जे पाहिलं तेच नाव दिलं. यावर रागावण्यात अर्थ नाही. रविवारी मुलाला बाजारात, गॅरेजमध्ये, गावी शेतावर, जिथे बापाचं पैशाशिवायचं काहीतरी दिसतं तिथे बरोबर न्यावं. हा उपाय फार साधा आहे आणि मी तो अनेक घरांत लागू पडताना पाहिला आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू, जिच्याबद्दल पालक मला कधीच विचारत नाहीत: आपण मुलांना काय म्हणतो? ‘कार्टं’, ‘दिवटा’, ‘आमचे चिरंजीव’, ‘युवराज उठले का?’, ‘कुलदीपक’, ‘आयतोबा’, ‘बापाच्या जिवावर उड्या मारतोय’. मराठीचं हे भांडार मुलांच्या भांडारापेक्षा मोठं आहे, आणि आपण ते चारचौघांत, पाहुण्यांसमोर, मुलाच्या तोंडावर वापरतो. मुलं निदान आपल्या माघारी बोलतात. ‘कार्टं’ किंवा ‘शेंडेफळ’ यात माया असते, मुलांना ती कळतेही. पण ‘दिवटा’ आणि ‘बापाच्या जिवावर’ हे मुलं विसरत नाहीत. पंचविशी उलटलेली, चांगल्या नोकरीतली माणसं माझ्यासमोर बसून बापाने दहावीच्या निकालाच्या दिवशी शेजाऱ्यांसमोर काय म्हटलं होतं ते शब्दन् शब्द सांगतात.

यातलं सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे तुलना. हिंदीत ‘शर्माजी का बेटा’ झाला, आपल्याकडे तो कुलकर्ण्यांचा, पाटलांचा, शेजारचा असतो. पोरांनी त्यावर विनोद केले, मीम केले, कारण ते सगळ्यांच्याच घरात घडत होतं. कोरियातही मुलांनी नेमकं असंच नाव काढलं आहे: ‘ओमचिना’. ‘आईच्या मैत्रिणीचा मुलगा’ या शब्दांचं ते आखूड रूप. आई रोज ज्याचं कौतुक ऐकवते, जो सगळ्यात हुशार, देखणा आणि आज्ञाधारक असतो, तो. तिथल्या परीक्षेच्या धबडग्यातून जाणाऱ्या मुलांना आणि आपल्या नीट-जेईईच्या मुलांना एकच माणूस छळतो आहे. जपानमध्ये तर ‘ओया गाचा’ हा शब्द २०२१ मध्ये वर्षातल्या गाजलेल्या शब्दांच्या यादीत पहिल्या दहांत आला. गाचा म्हणजे नाणं टाकून खटका फिरवायचा आणि कुठलं खेळणं पडेल ते घ्यायचं, असं यंत्र. तसे आईबाप नशिबाने मिळतात, निवडता येत नाहीत, असं तिथली तरुण मुलं म्हणू लागली. शब्द कडवट आहे, पण त्यामागे घरच्या परिस्थितीवर मुलाचं भवितव्य ठरतं ही खरीखुरी वेदना आहे. तुमच्या मुलाच्या ग्रुपवर असं काही दिसलं असतं तर मी ‘हिटलर’पेक्षा जास्त गंभीरपणे घेतलं असतं.

पालकांसाठीचे इंग्रजीतून आलेले काही शब्दही मुलांच्याच तोंडून निघालेत, हे कमी जणांना माहीत असतं. ‘हेलिकॉप्टर पेरेंट’ आपण पालकसभेत ऐकतो, वक्ते स्लाइडवर दाखवतात. हैम गिनॉट या मानसशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये एका किशोरवयीन मुलाचं म्हणणं नोंदवलं होतं: आई माझ्या डोक्यावर हेलिकॉप्टरसारखी घिरट्या घालते. तज्ज्ञांनी त्याचा सिद्धांत नंतर केला. आधी ती एका पोराची तक्रार होती, तुमच्या मुलाच्या ‘सीआयडी’सारखीच. आणि ताई, ‘सीआयडी’ या तक्रारीत थोडं तथ्य आहे हे तुम्हीही मनाशी मान्य कराल. कुठे होतास, कोण होतं, किती वाजता निघालात, मग एवढा वेळ का लागला, हे प्रश्न काळजीपोटी असतात. मुलाला त्यातली काळजी ऐकू येत नाही, जबाब घेतल्यासारखं वाटतं. दारातून आत आल्या आल्या विचारायचे प्रश्न अर्ध्या तासाने, पोटात काही गेल्यावर विचारले, तर तीच मुलं आपणहून बोलतात.

राहता राहिली तुमची मुलगी आणि तिचं ‘टॉक्सिक’. माझ्या मते तुमच्या घरातला सगळ्यात मोठा शब्द हाच आहे. अमेरिकन थेरपिस्ट सुझन फॉरवर्ड यांनी १९८९ मध्ये हा शब्द आईवडिलांच्या संदर्भात पुस्तकाच्या नावातच वापरला, तेव्हा त्यांच्यासमोर मारहाण, लैंगिक अत्याचार, दारू, सततची मानहानी यांतून गेलेली माणसं होती. आज रील्समधून तो आपल्या मुलांपर्यंत पोचला आणि रात्री दहानंतर बाहेर न सोडण्यालाही लागू लागला. ‘ट्रॉमा’ (मनावरचा खोल आघात), ‘गॅसलाइट’ (समोरच्याला स्वतःच्याच आठवणीवर शंका घ्यायला लावणं), ‘बाउंड्री’ (दुसऱ्याने ओलांडू नये अशी मर्यादा) यांचंही तेच. टोपणनावात चिडचिड असते. ती ओसरते. निदानाचा शब्द मात्र चिकटतो, कारण तो शास्त्रीय वाटतो आणि मग त्याच्यावर वाद घालता येत नाही. ‘बाबा हिटलर आहेत’ म्हणणारी मुलगी दिवाळीला हसत घरी येते. ‘माझे पेरेंट्स टॉक्सिक आहेत’ असं ठरवून टाकलेली मुलगी यायचं टाळते, आणि आपण बरोबरच करतोय असं तिला वाटत राहतं.

तरीही तिला ‘हे फॅड आहे, मोबाईलमधून शिकलीस’ असं म्हणू नका. तो शब्द ती कशाला लावते आहे ते विचारा. ‘तुला नक्की कुठली गोष्ट टॉक्सिक वाटली, एखादा प्रसंग सांग’ एवढंच. आणि ती सांगेल तेव्हा मध्ये बोलू नका, मिस्टरांची बाजू मांडू नका. दहापैकी बहुतेक वेळा एक-दोन ठोस प्रसंग निघतात: मोबाईल सगळ्यांसमोर हिसकावला, वाढदिवसाला जाऊ दिलं नाही, मैत्रिणीसमोर ओरडले. यांच्यावर बोलता येतं, कबूल करता येतं, पुन्हा होणार नाही असं ठरवता येतं. आणि कधी कधी त्या शब्दाखाली खरोखरच मारहाण किंवा त्याहून वाईट निघतं. तसं कुठल्याही घरात असेल तर ते नात्यातला रुसवा समजून मिटवायचं नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे, मानसिक त्रासासाठी कुठल्याही वयात टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, आणि दोन्ही ठिकाणी मूल स्वतः फोन करू शकतं.

आता तुमच्या घरात काय करायचं ते सांगते. मोबाईल आज परत द्या, आणि तो तुमच्या मिस्टरांनीच द्यावा, तुमच्या हाती पाठवू नये. देताना त्या शब्दांचा हिशोब मागू नका. ‘तू मला हिटलर म्हणतोस?’ हे वाक्य टाळाच, कारण त्याला मुलाकडे एकच उत्तर आहे, खाली मान घालून गप्प बसणं. त्यापेक्षा सरळ सांगावं, ‘तुझा फोन न विचारता वाचला गेला, ते बरं झालं नाही. मला ते वाचून वाईट वाटलं. मी जास्त कडक वागतो असं तुला कुठे वाटतं ते सांगशील तेव्हा ऐकेन.’ मुलगा त्या क्षणी काही बोलणार नाही. बोलायलाच हवं असा हट्ट धरू नका. चार-आठ दिवसांत, बहुधा गाडीवर मागे बसलेला असताना किंवा क्रिकेटची मॅच बघताना, एखादी गोष्ट येईल. ती फार क्षुल्लक वाटेल, उदाहरणार्थ क्लासच्या मुलांसमोर ‘बाळा’ म्हणू नका. ती मान्य करून टाका. तिथून पुढच्या गोष्टी निघतात.

‘ममाज बॉय’बद्दल तुम्ही स्वतः काही बोलू नका, तुम्हाला ते माहीत आहे हे कळणंच त्याला जड जाईल. तुम्ही एवढंच करा: तो मित्रांबरोबर असताना फोन करू नका, मेसेज टाका. घरी यायची वेळ आधी ठरवून घ्या आणि ती टळून अर्धा तास होईपर्यंत धीर धरा. शाळेतल्या कार्यक्रमाला, क्लासच्या मीटिंगला दोन-तीनदा तुमच्याऐवजी त्याचे वडील जाऊ देत.

आणि येत्या महिन्याभरात एका गोष्टीवर लक्ष ठेवा. तो तुमच्याशी बोलताना ‘बाबा’ म्हणतो की ‘ते’? ‘बाबा’ म्हणत असेल, अगदी चिडून म्हणत असेल तरी, मोबाईलमध्ये त्याने काय नाव ठेवलंय ते खुशाल राहू द्या. ‘ते’ सुरू झालं असेल तर जवळच्या समुपदेशकाकडे जा, पण त्याला एकट्याला पाठवू नका. पहिल्या भेटीला तुम्ही दोघं जा.